मॉन्ट्रियलला जायचंय, पण कुठल्या वाटेने?

नाशिकच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ओळख उघड होऊ नये म्हणून तपशील थोडे बदलून सारांश देते. वय 31, फिजिओथेरपिस्ट, एका रुग्णालयात आठ वर्षांची नोकरी. जोडीदार कॅनडात मॉन्ट्रियलला. तिथेच शिकले, तिथेच सॉफ्टवेअरच्या नोकरीत लागले, गेल्या वर्षी पीआर, म्हणजे कायमस्वरूपी राहण्याचा हक्क, मिळाला. कॉलेजपासूनची ओळख, दोन्ही घरांची संमती, साखरपुडा झालेला. लग्न डिसेंबरात. पण सासरचे म्हणतात, मुलगा पुढच्या महिन्यात दहा दिवस येतोय तेव्हाच रजिस्टर लग्न उरकून घ्या, म्हणजे फाईल लवकर लागेल. एजंटने सांगितलंय की मॉन्ट्रियल ज्या फ्रेंच भाषिक क्वेबेक प्रांतात आहे तिथे सध्या जोडीदाराचे अर्ज घेत नाहीत, म्हणून शेजारच्या ओंटारियो प्रांतातल्या ओटावातल्या मित्राचा पत्ता दाखवून अर्ज भरू. नाहीतर मॉन्ट्रियलच्या एखाद्या खासगी कॉलेजात प्रवेश घेऊन जा, पुढचं पुढे. आईचं म्हणणं, नोकरी सोडू नकोस. पत्राच्या शेवटी त्या विचारतात: ‘तो तिथे स्थिर झालाय, मग जायला मलाच हवं ना? मग सगळ्यात लवकर कसं जाता येईल, एवढंच सांगा.’

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या शेवटच्या ओळीत दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. जायचं तुम्हीच, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. दोन्ही खऱ्या असतीलही. पण त्या तपासून न पाहता फाईल लावली, तर पुढची तीन-चार वर्षं त्या फाईलच्या मागे फरफट होईल. म्हणून आधी परिस्थिती काय आहे ते नीट पाहू.

एजंट म्हणतो त्यातलं एक खरं आहे. कॅनडात जोडीदाराला बोलवण्याचा अर्ज केंद्र सरकारकडे करायचा असतो. पण स्पॉन्सर करणारा क्वेबेकमध्ये राहत असेल तर क्वेबेक सरकारचीही वेगळी मंजुरी लागते. 1991 च्या कॅनडा-क्वेबेक करारापासून स्थलांतराच्या बाबतीत या प्रांताचे अधिकार इतर प्रांतांपेक्षा बरेच जास्त आहेत. तुमच्या जोडीदाराला क्वेबेकच्या स्थलांतर मंत्रालयाला तीन वर्षांचं हमीपत्र द्यावं लागेल, की तुमचा खर्च ते उचलतील. ते मंजूर झालं की तुम्हाला क्वेबेकचं निवड प्रमाणपत्र मिळतं आणि मग केंद्राकडची फाईल शेवटाला जाते. अडचण या हमीपत्रापाशी आहे. 26 जून 2024 ते 25 जून 2026 या दोन वर्षांसाठी क्वेबेकने कुटुंबीयांचे फक्त 13,000 अर्ज घ्यायचं ठरवलं. त्यातले 10,400 पती-पत्नी, जोडीदार आणि सज्ञान अवलंबित मुलांसाठी होते. हा आकडा 2025 च्या जुलैतच भरला. म्हणजे मुदत संपायला जवळपास वर्ष बाकी असताना दार बंद झालं. आणि दार उघडं होतं तेव्हाही, टोरांटो किंवा कॅलगरीच्या जोडप्याला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ मॉन्ट्रियलच्या जोडप्याला लागत होता.

आता लग्नाच्या घाईकडे या. जून 2026 अखेरपर्यंत नवे अर्ज घेतच नाहीत, तर पुढच्या महिन्यात दहा दिवसांत सही उरकून नेमकं काय हाती लागणार? नवा कोटा उघडला की झुंबड उडेल आणि तेव्हा कागद तयार हवेत, हे सासरच्यांचं म्हणणं मला पटतं. पण ‘रजिस्टर करून टाकू’ हे ऐकायला सोपं आहे तितकं करायला नाही. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेला हवा, नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर तीस दिवस थांबावं लागतं. हिंदू विवाह कायद्याखाली नोंदणी करायची, तर आधी विधी व्हायला हवा. विधीच झालेला नाही आणि नुसतं प्रमाणपत्र आहे, असं लग्न हिंदू विवाह कायद्याने वैध नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. फोनवरून किंवा व्हिडिओवरून लावलेलं लग्न तर कॅनडा इमिग्रेशनसाठी 2015 पासून मानत नाही. दोघांनी प्रत्यक्ष एका जागी असावं लागतं. आणि साखरपुड्याच्या आधारावर अर्ज करता येत नाही. वाग्दत्त वधूवरांसाठीचा वर्ग कॅनडाने 2002 सालीच काढून टाकला.

याहून महत्त्वाचं म्हणजे, लग्न खरं आहे का, आणि ते मुख्यतः इमिग्रेशनसाठीच केलंय का, हे दोन प्रश्न अधिकारी स्वतंत्रपणे तपासतो. दोन घरांची संमती आहे, डिसेंबरात हॉल बुक आहे, आणि त्याआधीच कुणा नातेवाइकाशिवाय तीन साक्षीदारांसमोर कागदी लग्न झालंय, असं चित्र दिसलं तर तो विचारणारच की ही घाई कशासाठी. त्याचं उत्तर ‘फाईल लवकर लागावी म्हणून’ असेल, तर ते तुमच्याच विरुद्ध जातं. त्यापेक्षा डिसेंबरचं लग्न अलीकडे आणा. मे महिन्यात मुहूर्त असतात. घरच्या अंगणात पन्नास माणसांत लावलं, अंतरपाट धरला, सप्तपदी झाली, मामा-मावशा फोटोत आल्या, मग महापालिकेत रीतसर नोंदणी केली, तर ते एकच आणि पक्कं लग्न. डिसेंबरात हवं तर जेवण द्या. जोडीदारांना पुढच्या महिन्याचं तिकीट बदलून तेव्हा यायला सांगा. दहा दिवसांच्या धावपळीपेक्षा तीन आठवड्यांची रजा बरी.

ओटावाच्या पत्त्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: ते करू नका. तुमचे जोडीदार मॉन्ट्रियलला राहतात हे लपत नाही. कॅनडात 31 डिसेंबरला तुम्ही ज्या प्रांतात राहता, त्या प्रांताचे रहिवासी म्हणून कर भरता. क्वेबेकमध्ये तर केंद्राचं एक आणि प्रांताचं वेगळं, अशी दोन विवरणपत्रं भरावी लागतात. स्पॉन्सरशिपच्या अर्जात कर-आकारणीचा कागद द्यावा लागतो आणि त्यावर प्रांत लिहिलेला असतो. आरोग्य कार्ड क्वेबेकचं, वाहन परवाना क्वेबेकचा, पगारपत्रकावर क्वेबेकच्या पेन्शनची कपात. या सगळ्यासमोर मित्राच्या घराचा भाडेकरार किती टिकणार? खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर तुम्हाला कॅनडात पाच वर्षं प्रवेशबंदी होऊ शकते, आणि त्यांचा स्वतःचा पीआर धोक्यात येऊ शकतो. एजंटचं यात काहीच जात नाही. सही तुमची असते.

पण याच सूचनेत एक प्रामाणिक पर्याय आहे, आणि त्याचा विचार तुम्ही दोघांनी केलेला दिसत नाही. ते खरोखरच ओटावाला गेले तर? कॅनडाच्या राज्यघटनेतल्या हक्कांच्या सनदेचं सहावं कलम नागरिकांना आणि पीआरधारकांना कुठल्याही प्रांतात राहण्याचा, काम करण्याचा हक्क देतं. मॉन्ट्रियल ते ओटावा साधारण दोनशे किलोमीटर, रेल्वेने दोन तासांचा प्रवास. सॉफ्टवेअरची नोकरी घरून करता येत असेल, आठवड्यातून एखादा दिवस कार्यालयात जावं लागत असेल, तर हे अशक्य कोटीतलं नाही. भाडेकरार, कर, आरोग्य कार्ड सगळं खरोखर ओंटारियोचं होऊ द्या आणि मग तिथून अर्ज करा. क्वेबेकच्या हमीपत्राचा प्रश्नच येत नाही. फक्त घर ओटावा नदीच्या अलीकडे, ओंटारियोच्या बाजूला हवं. पूल ओलांडला की गॅटिनो लागतं, आणि गॅटिनो क्वेबेकमध्ये आहे.

‘त्याचं सगळं तिथे आहे’ असं तुम्ही लिहिलंय. तुमचंही सगळं नाशिकला आहे. तुम्ही देश बदलायचा आणि त्यांनी शहरही नाही, हे कुणी आणि कधी ठरवलं? मी भांडण लावत नाही. त्यांनी कदाचित हा विचार केलाच नसेल, कारण त्यांना कुणी विचारलंच नसेल. विचारून पाहा. उत्तर ‘नाही’ आलं तरी त्यामागची कारणं तुम्हाला कळतील, आणि ती कळणं लग्नाआधी गरजेचं आहे.

तुमच्या पत्रात तुमच्या व्यवसायाला जेमतेम अर्धी ओळ मिळाली आहे. माझ्या मते निर्णयाचा अर्धा भार त्याच्यावर आहे. कॅनडात फिजिओथेरपी परवान्याशिवाय करता येत नाही आणि परवाना प्रांतागणिक वेगळा. ओंटारियो किंवा न्यू ब्रन्सविकसाठी आधी तुमच्या पदवीची राष्ट्रीय पातळीवर पडताळणी होते, मग परीक्षा. ही पडताळणी नाशिकला बसून सुरू करता येते. क्वेबेक या व्यवस्थेत नाही. तिथे फिजिओथेरपिस्टांची स्वतंत्र व्यावसायिक संस्था तुमच्या पदवीची समकक्षता ठरवते, आणि 1977 च्या फ्रेंच भाषेच्या सनदेनुसार कामापुरती फ्रेंच येत असल्याशिवाय कायमचा परवाना मिळत नाही. साहजिक आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा पाय वाकवणाऱ्या सत्तर वर्षांच्या आजीबाईंना कुठे दुखतंय, कसं दुखतंय, हे त्यांच्याच भाषेत समजून घ्यावं लागतं. म्हणजे मॉन्ट्रियल की ओटावा, हे ठरल्याशिवाय तुम्ही कुठल्या परीक्षेची तयारी करायची हेच ठरत नाही. ‘आधी पोहोचू, मग बघू’ असं म्हणून गेलेल्या कितीतरी डॉक्टर, दंतवैद्य, फिजिओ मुली परवान्याच्या वाटेवर वर्षानुवर्षं थांबतात आणि हातातली कला विसरायला लागतात. मला तुमच्यासाठी हे नको आहे.

आणि कुणी सांगितलं की तुम्ही फक्त कुणाची तरी पत्नी म्हणूनच जाऊ शकता? तुमचं वय, शिक्षण, आठ वर्षांचा अनुभव पाहता एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांनुसार फेऱ्याफेऱ्यांनी पीआरचं निमंत्रण देणाऱ्या केंद्राच्या व्यवस्थेत, स्वतःची प्रोफाईल तयार करून गुण काढून पाहा. आरोग्य क्षेत्रासाठी वेगळ्या फेऱ्या होतात आणि फिजिओथेरपिस्ट त्या यादीत आहेत. फ्रेंच येणाऱ्यांसाठीही 2023 पासून वेगळ्या फेऱ्या आहेत. बोलणं, ऐकणं, वाचणं, लिहिणं या चारही अंगांत कॅनडाच्या फ्रेंच मोजपट्टीवरची सातवी पातळी गाठली तर त्या तुमच्यासाठी खुल्या होतात. मार्च 2025 मधल्या अशा एका फेरीत 379 गुणांवर निमंत्रण गेलं होतं, तेव्हा इतर फेऱ्यांचे आकडे पाचशेच्या वर जात होते. यात एकच अट मनापासून पाळता यायला हवी: एक्स्प्रेस एंट्री क्वेबेकबाहेर राहण्याचा इरादा असणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, तुम्ही दोघं राहणार कुठे? दोघांनाही फ्रेंच वातावरण हवं असेल तर न्यू ब्रन्सविकमधलं मॉन्क्टन आणि त्याला लागून असलेलं दिएप बघा. कॅनडातला हा एकमेव अधिकृत द्विभाषिक प्रांत आहे, फ्रेंच विद्यापीठ आहे, आणि तिथे क्वेबेकची मंजुरी लागत नाही. मॉन्ट्रियलइतक्या नोकऱ्या आणि गजबज तिथे नाही, हेही खरं.

कॉलेजच्या मार्गाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तो मला अजिबात पटत नाही. 2022 च्या सुरुवातीला क्वेबेकमधल्या तीन खासगी कॉलेजांनी दिवाळखोरीपासून संरक्षण मागितलं, आणि लाखो रुपये फी भरलेले भारतातले शेकडो विद्यार्थी अधांतरी राहिले. त्यानंतर नियम बदलला: सप्टेंबर 2023 पासून क्वेबेकच्या विनाअनुदानित खासगी अभ्यासक्रमांनंतर कामाचा परवाना मिळत नाही. शिकून-नोकरी करून क्वेबेकचा पीआर मिळवून देणारा जुना ‘क्वेबेक अनुभव’ कार्यक्रम नोव्हेंबर 2025 मध्ये बंद केला गेला. एजंट तुम्हाला विकतोय तो रस्ता बहुधा तीन-चार वर्षांपूर्वीचा आहे. तुम्हाला खरोखर फिजिओथेरपीत किंवा सार्वजनिक आरोग्यात मास्टर्स करायचं असेल, मान्यताप्राप्त विद्यापीठात, तर ती वेगळी गोष्ट. शिक्षण हवं म्हणून घ्या, दार ढकलायला नको.

व्हिजिटर व्हिसावर जाऊन राहण्याला माझा विरोध नाही. लग्नानंतर दोन-तीन महिने जाऊन या. जानेवारीत जा, जूनमध्ये नको. उणे वीसचा वारा, चार वाजता होणारा अंधार, सगळं बघून या. पुढे कायमचं राहण्याचा विचार आहे म्हणून तात्पुरता व्हिसा नाकारला पाहिजे असं नाही, कायद्यात तशी सोय आहे. मात्र मुदत संपली की परत येणार हे अधिकाऱ्याला पटलं पाहिजे. तिथेच तुमची नोकरी उपयोगी पडते: रुग्णालयाचं रजा मंजुरीचं पत्र जोडा. आई म्हणतात ते म्हणूनच बरोबर आहे. व्हिजिटर म्हणून काम करता येत नाही आणि सरकारी आरोग्य विमा लागू होत नाही, तेव्हा खासगी विमा काढल्याशिवाय विमानात बसू नका.

फ्रेंचला मात्र आजपासूनच लागा, कुठलीही वाट निवडलीत तरी. मुंबई आणि पुण्यात अलियाँस फ्राँसेझ आहे, ऑनलाइन वर्ग चालतात. नोकरी सांभाळून रोज तास-दीड तास दिला तरी बी-टू पातळीला (कॅनडाच्या सातव्या पातळीच्या साधारण तोडीला) दीड-दोन वर्षं लागतात, हे मनात धरून चला. क्वेबेकला पोहोचल्यावर 2023 पासून सुरू झालेल्या फ्रान्सिझासियों क्वेबेक या सरकारी व्यवस्थेतून मोफत शिकता येतं, पण शून्यापासून तिथे सुरुवात करणं आणि मोडकंतोडकं बोलत पोहोचणं यात फार फरक आहे. जोडीदारांना येतं ना फ्रेंच? मग आठवड्यातले दोन फोन फ्रेंचमधूनच करा. आणि त्यांना येत नसेल, इतकी वर्षं इंग्रजीवरच चाललं असेल, तर वर्गात दोघांनी नाव घाला.

तुमच्यासारख्याच, पण थोड्या वेगळ्या परिस्थितीतल्या वाचकांसाठीही काही लिहायला हवं. जोडीदाराकडे पीआर नसून कामाचा किंवा शिक्षणाचा परवाना असेल, तर पत्नीला खुला (कुठल्याही मालकाकडे चालणारा) कामाचा परवाना मिळण्याचे नियम 21 जानेवारी 2025 पासून आवळले आहेत. विद्यार्थ्यांच्या बाबतीत मुख्यतः सोळा महिने किंवा त्याहून मोठं मास्टर्स, पीएचडी आणि काही ठरावीक व्यावसायिक पदव्या. नोकरदारांच्या बाबतीत वरच्या श्रेणीचं आणि काही निवडक क्षेत्रांतलं काम, आणि परवान्याचे किमान सोळा महिने शिल्लक. जोडीदाराचा पीआर अजून यायचा असेल आणि त्याआधी लग्न झालं, तर ते पीआर घेऊन दाखल होण्याआधी कळवलंच पाहिजे. तेव्हा लपवलेल्या पत्नीला नंतर स्पॉन्सर करणं फार अवघड होऊ शकतं. आणि ‘तूच ये की वर्षभर इकडे, इथून अर्ज करू’ हे पीआरधारकाला चालत नाही. स्पॉन्सर करताना त्याला कॅनडातच राहावं लागतं. परदेशातून अर्ज करण्याची मुभा फक्त नागरिकाला आहे, तीही परत जाण्याचा इरादा दाखवून.

एक गोष्ट लग्नाच्या आनंदात कुणी सांगत नाही. 2012 ते 2017 या काळात नव्या जोडप्यांवर दोन वर्षं एकत्र राहण्याची अट होती. ती मोडली तर बायकोचा पीआर जात असे. एप्रिल 2017 मध्ये ती रद्द झाली. आज स्पॉन्सरशिपने मिळालेला पीआर तुमचा स्वतःचा असतो. ‘एक मेल टाकला तर तुला परत पाठवतील’ असं कुणी धमकावलं, तर ते खोटं आहे. पीआर मिळण्याआधीच घरात छळ होत असेल, तर त्यासाठी 2019 पासून स्वतंत्र तात्पुरता परवानाही आहे, त्याला फी नाही. तुमच्या जोडीदाराबद्दल मला काहीही शंका नाही. पण हे सदर ज्या घरांत वाचलं जातं त्यांतल्या एखादीला याची गरज असेल.

लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदलायची घाई करू नका. क्वेबेकमध्ये 1981 पासून लग्नानंतरही नवरा-बायको आपापलं जन्माचंच नाव वापरतात, आणि तुमची पदवी, नोंदणी, अनुभवाची पत्रं सगळी माहेरच्या नावावर आहेत. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं नाव आलं की प्रत्येक ठिकाणी प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं.

तर पुढच्या रविवारी, दोघांना निवांत वेळ असेल तेव्हा, व्हिडिओ कॉलवर आधी राहण्याचं ठिकाण ठरवा. क्वेबेकच हवं असं दोघांचंही मत पडलं तर मेमध्ये लग्न करा, कागद तयार ठेवा, आणि नव्या कोट्याची घोषणा थेट मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहत राहा. मधल्या काळात नोकरी, फ्रेंच आणि एक-दोन भेटी. ओटावा किंवा मॉन्क्टनचं जमत असेल तर आधी त्यांनी खरोखर मुक्काम हलवावा, तुम्ही पदवीची पडताळणी सुरू करावी, आणि स्पॉन्सरशिप व तुमची स्वतःची प्रोफाईल या दोन्हींचा हिशेब मांडून पाहावा. मला विचाराल तर तुमच्या व्यवसायासाठी ही दुसरी वाट अधिक मोकळी वाटते. त्यांची नोकरी कितपत हलू शकते, हे मात्र तेच सांगू शकतील.

एजंट बदला. पैसे घेऊन कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा अधिकार मुख्यतः तिथले वकील, क्वेबेकचे नोटरी आणि परवानाधारक सल्लागार यांना आहे. सल्लागारांची यादी त्यांच्या नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर नावानिशी शोधता येते, आणि क्वेबेकच्या कामासाठी त्या प्रांताकडेही नोंद लागते. कुणालाही नेमलंत तरी अर्जाचं खातं तुमच्या ईमेलवर उघडा, भरलेल्या प्रत्येक फॉर्मची प्रत सहीआधी मागून घ्या, आणि जोडीदाराच्या घराच्या पत्त्याचा रकाना स्वतः वाचा.